मागच्या ॲक्सलवर वेल्डिंग न करता शॉकअपचा ब्रॅकेट कसा बसवावा?

जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचा मागचा ॲक्सल बसवला आहे, त्यावर शॉकअपची (धक्के शोषणाऱ्या दांड्याची) खालची बैठक नाही, ती बोल्टाने कशी बसवावी आणि प्लेट किती जाडीची घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मी माझ्या जीपवर हेच काम केले होते. ते एकदा मोडले, आणि त्या मोडण्याचा दोष आमच्या घरात अजूनही चुकीच्या वस्तूला दिला जातो. म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रॅकेटसाठी वेगळी जागा शोधू नये. पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि ॲक्सल ज्या यू-बोल्टांनी, म्हणजे यू आकारात वाकवलेल्या बोल्टांनी, आवळलेले असतात, त्यांची खालची प्लेटच नवी करून एका बाजूने बाहेर वाढवावी. पाट्याची बैठक ॲक्सलवर पक्की असल्यामुळे ही प्लेट फिरत नाही; ॲक्सलच्या नुसत्या गोल नळीला पट्टा आवळून केलेला ब्रॅकेट मात्र आज ना उद्या फिरतो.

माझा थोरला चुलतभाऊ वेल्डिंगचे काम करतो. नळीला सरळ एक कान (भोक असलेली पट्टी) डकवून टाकू, दहा मिनिटांचे काम आहे, असे दादाचे म्हणणे होते. मी नकार दिला, कारण एका बाजूने तापलेली नळी थंड होताना ओढली जाते आणि किंचित वाकली तरी बेअरिंग आणि ऑइल सील यांना ते भोगावे लागते. त्यामुळे प्लेट माझ्या आराखड्याप्रमाणे झाली. परंतु शॉकअपचा डोळा (टोकाचे कडे) अडकवण्यासाठी मी साध्या लोखंडाची १६ मिमीची पिन एकाच बाजूने बाहेर काढली, आणि ती दादाने प्लेटला वेल्ड केली.

त्या हंगामात तुरीची पोती भरून पांदणीने येत होतो. काळ्या मातीतल्या, पावसाळ्यात रुतलेल्या चाकोऱ्या तोवर वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. मोठा आवाज झाला, आणि शॉकअप खाली लोंबू लागला. गावात आल्यावर दादाने चार माणसांसमोर निकाल दिला, ‘बोल्टाचं काम असंच असते!’ मी गाडीखाली शिरून पाहिले, तेव्हा चारही यू-बोल्टांचे नट तसूभरही हललेले नव्हते; पिन वेल्डिंगच्या काठाशी तुटली होती.

चूक माझ्या आराखड्यातही होती, हे मी मान्य करतो, आणि ती आकड्यांत मांडतो. खड्ड्यात शॉकअपने ४००० न्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलोंचा भार दिला आणि डोळ्याचा मध्य प्लेटपासून ४० मिमी दूर असला, तर पिनच्या मुळाशी १६० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. १६ मिमीच्या पिनमध्ये त्याचा ताण सुमारे ४०० मेगापास्कल होतो, आणि साधे लोखंड २५० च्या आसपासच कायमचे वाकू लागते. तोच डोळा ४० मिमी अंतरावरच्या दोन कानांच्या मध्ये धरला, तर तोच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून नव्या प्लेटवर दोन कान काढले आणि त्यांतून ८.८ प्रतीचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा) आरपार बोल्ट घातला, तोही अशा लांबीचा की त्याचे आटे कानाच्या भोकात येणार नाहीत. कानही वेल्डिंगनेच लावले ना, असे दादा विचारतो. होय, लावले, परंतु ते सुट्या प्लेटवर, टेबलावर लावले, आणि उद्या तडकले तर प्लेट बदलेल, ॲक्सल बदलावा लागणार नाही.

प्लेट मी १० मिमीची घेतली. कान यू-बोल्टांच्या भोकांपासून जितका दूर, तितकी ती जाड लागते. माझे अंतर कमी होते, तुमचे मोजून पाहावे.

शॉकअप शक्य तितका उभा ठेवावा. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर त्याचा परिणाम सुमारे तीन चतुर्थांश उरतो, ४५ अंशांवर निम्माच. ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत जॅकने उचलून पाहावे. तेव्हाही शॉकअपचा दांडा थोडा बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर कितीही जाड प्लेट टिकणार नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. यू-बोल्ट नवे घ्यावेत, भट्टीत लाल करून वाकवलेली सळई चालणार नाही, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. हे सर्व मागच्या नळीच्या ॲक्सलबद्दल आहे. पुढचा घडीव ॲक्सल असेल तर त्याला भोकही पाडू नये आणि वेल्डिंगचा टाकाही मारू नये. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा आहेत, तेव्हा ॲक्सल बदलल्याचे कागदपत्रांच्या दृष्टीनेही तपासून घ्यावे.

तुटलेली पिन मी जपून ठेवली आहे. तिच्या तोंडावर भेग वेल्डिंगच्या काठापासून आत सरकत गेलेली साध्या डोळ्यांनी दिसते. दादाला ती मी दोनदा दाखवायला नेली. दोन्ही वेळा त्याचा चष्मा घरी राहिला होता.