वाचकांचे प्रश्न: धातूचा धूर आणि बिघडलेली चाल

प्रश्न: माझे दादा धुळ्यात वीस वर्षांपासून वेल्डिंग करतात. खडी क्रशरचे जबडे आणि जेसीबीच्या बकेटचे दात भरण्याचं काम जास्त. दीड वर्षात चाल मंदावली, आवाज बारीक झाला, वळताना तोल मागे जातो. कंपवाताच्या गोळ्यांनी फरक नाही. धुरामुळे असं होतं का? (एक वाचक, धुळे)

उत्तर: होऊ शकतं. कामाचं वर्णन वाचूनच शंका येते. क्रशरचे जबडे बहुधा मँगनीज स्टीलचे असतात, त्यात 11 ते 14 टक्के मँगनीज असतं, आणि ते भरायचे रॉडही बरेचदा त्याच जातीचे. पोटात गेलेलं जास्तीचं मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातून गेलेलं यकृताला चुकवून थेट रक्तात मिसळतं आणि मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात साठतं. कंपवातात डोपामाइन (हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी झडतात, ती उणीव लेव्होडोपा ही कंपवाताची गोळी भरून काढते. इथे मुख्य बिघाड त्या पेशींच्या पुढच्या टप्प्यावर असतो, म्हणून गोळी फारशी लागू पडत नाही. बसल्या जागी हात थरथरणं कमी, दोन्ही बाजू बहुधा सारख्याच जड, आणि काही जण टाचा उचलून कोंबड्यासारखे चवड्यांवर चालतात.

एमआरआयच्या टी-वन या प्रकारच्या चित्रांत ग्लोबस पॅलिडस पांढरा चमकतो. काम सुटल्यावर सहा महिने ते वर्षभरात ही चमक ओसरते, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका आणि कामाचं स्वरूप तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. यकृत खराब असेल तरी अशीच चमक दिसते, तेव्हा लिव्हरच्या तपासण्याही हव्यात. रक्तातलं मँगनीज फक्त अलीकडचा संपर्क दाखवतं. ते नॉर्मल आलं म्हणून शंका सोडू नये. पहिला उपचार म्हणजे ते काम बंद. झालेलं नुकसान सहसा पूर्ण भरून येत नाही, काहींचा त्रास काम सोडल्यावरही वाढतो. ईडीटीए (धातूला बांधून बाहेर काढणारं औषध) सलाइनमधून दिल्यास लघवीतून मँगनीज पडतं, पण चाल सुधारेलच असं नाही.

शेडमधल्या बाकीच्यांसाठी: तोंडावरचा रुमाल निरुपयोगी आहे, धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. शोषक नळीचं तोंड ठिणगीपासून एक-दीड वीत अंतरावर हवं. टेबल फॅन पाठीमागून लावला तर वारा अंगाला वळसा घालून धूर तोंडापुढे आणतो, बाजूने लावा. शरीरात लोह कमी असेल तर मँगनीज जास्त शोषलं जातं, तेव्हा हिमोग्लोबिनही बघा.

प्रश्न: माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. उजवा हात मनगटातून लोंबतो, बधिरपणा मात्र नाही. लकवा म्हणायचा का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: आधी शिशाची तपासणी करा. मोठ्या माणसात शिसं मनगट उचलणाऱ्या नसेला धरतं. जास्त वापरातला हात आधी पडतो आणि स्पर्श शाबूत राहतो. (हातावर डोकं ठेवून झोपल्यावर सकाळी एकदम हात पडला असेल तर कारण वेगळं.) पोटात कळा, बद्धकोष्ठ, हिरड्यांवर निळसर रेघ असेल तर शंका पक्की. तपासणी पूर्ण रक्ताची हवी, सीरमची (रक्तपेशी काढून उरलेल्या पाण्याची) नको. रक्तातलं शिसं महिनाभरात साधारण निम्मं होतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं झिरपत राहतं. शिसं काढणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीतच, आणि काम चालू ठेवून तर नकोच.

प्लेटांची भुकटी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. बिडी किंवा भाकरीआधी हात साबणाने धुवा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका: मुलांच्या रक्तात शिसं 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं तरी अमेरिकेत डॉक्टर सावध होतात, कारण वाढत्या मेंदूचं नुकसान त्याहून कमी पातळीलाही होतं. घरात लहान मूल असेल तर त्याचंही रक्त तपासून घ्या.

प्रश्न: सांधेदुखीसाठी आईला भस्माच्या पुड्या चालू आहेत, आता हात थरथरतात. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर: पुड्या आजच थांबवा, पण फेकू नका. काही भस्मांत शिसं किंवा पारा असतो, आणि पाऱ्याने हात थरथरतात. एक पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तातलं शिसं आणि लघवीतला पारा तपासायला सांगा.