विरजण लागलंच नाही!

"मॅडम, आधी हात धू म्हणून याच्या मागे लागायचे, आता नळावरून हलत नाही हो." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचं हे गाऱ्हाणं. मुलगा तिसरीतला, नाव बदलून ओंकार म्हणू. शाळेत जंतूंवर तक्ता लावला होता, त्यात दात विचकणारे हिरवे राक्षस. (या चित्रांवर माझा जुना राग आहे. जंतूंना दात काय, तोंडही नसतं.) तेव्हापासून तो दाराची कडी कोपराने उघडायचा, डबा न खाता परत आणायचा आणि दर दहा मिनिटांनी विचारायचा, "आई, मला काही होणार नाही ना?" हात पार उलले होते.

मी वाटीत चमचाभर दही पुढे ठेवलं. "यात कोट्यवधी जंतू आहेत. दुधातली साखर खाऊन ते आम्ल बनवतात, म्हणून दूध घट्ट होतं. तू रोज त्यांना जेवतोस." तो खुर्चीत मागे सरकला. म्हटलं, आज रात्री विरजण तू लावायचं. चमचा तुझ्याच हातात.

डिसेंबर होता. निफाडचा पारा घसरला की आमच्याकडे दहीसुद्धा रुसतं. सकाळी ओंकारचा फोन. "मॅडम, लागलंच नाही! मेले का ते?"

आवाजात काळजी होती, तीही जंतूंची. "थंडीने सुस्तावलेत. भांडं पिठाच्या डब्यात ठेव." दुपारी दही लागलं.

वाईट जंतू असतात, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. टायफॉईड, कॉलरा त्यांच्यामुळेच होतात. म्हणून संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. ते झालं की नळ बंद. उललेल्या कातडीतूनही जंतूंना आत शिरायला वाट मिळते, हे ऐकून तो हात निरखत बसला.

खरा अभ्यास आईला होता. "काही होणार नाही रे" हे दर वेळी सांगितलं की मूल तासाभराने पुन्हा तेच विचारतं. एकदाच उत्तर द्यायचं. नंतर फक्त "तुला माहीत आहे". त्यांना ते फार जड गेलं. हात धुण्यात रोज तासभर जायला लागला किंवा शाळा बुडायला लागली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हेही बजावलं.

चौथ्या भेटीत ओंकारने माझ्या दाराची कडी हाताने उघडली. मग हळूच तळवा पँटला पुसला. मी कागद चाळत राहिले.