लॉगबुक पूर्ण झालं तरी भीती वाटते, आणि त्याचं कारण आहे

तू लिहिलंयस की मिडवाइफरीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, लॉगबुकमधला डिलिव्हऱ्यांचा आकडा पूर्ण झालाय, तरी परवा एका बाळंतिणीला ब्लीडिंग जास्त होतंय असं वाटत असताना सिनिअर "एवढं होतंच गं" म्हणाल्या आणि तू गप्प बसलीस. बाई ठीक आहे, पण तुला झोप नाही, आपलं शिक्षण कमी पडलं का असं विचारतेयस. लेबर रूममध्ये २२ वर्षं काढलीत मी, त्यातली शेवटची ९ शिकवण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमी पडलंच, पण ते आम्हा शिकवणाऱ्यांचं. आम्ही डिलिव्हऱ्या मोजतो. शंका आली तेव्हा तू कुणाला काय शब्दांत सांगितलंस हे लॉगबुकात कुठेच येत नाही.

आधी रक्ताचं. नुसतं बघून लावलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो आणि रक्त जितकं जास्त तितका तो जास्त चुकतो, अनुभवी माणसाचासुद्धा. माझं झालंय तसं. दुसरं बाळंतपण, वार पूर्ण पडलेली, बीपी ११०/७०, मी बाळाचं वजन लिहीत बसले होते. बाईने दोनदा पाणी मागितलं, तिसऱ्यांदा म्हणाली "सिस्टर, घसा सुकतोय हो". पल्स धरली तर १२८. चादर वर केली तर खालचं पॅड हातात पेलवेना. सगळं ओलं कापड काट्यावर टाकलं, कोरड्याचं वजन वजा केलं, ९०० ग्रॅम, म्हणजे साधारण ९०० मिली. मी वहीत २५० लिहून मोकळी झाले होते. तरुण बायकांचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, पल्स आधी पळायला लागते, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, पण त्या दिवशी हात पल्सवर गेला तो तिला तहान लागली म्हणून. ती वाचली. तो २५० चा आकडा मात्र अजून डोळ्यासमोर येतो.

म्हणून मोजायचंच. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या हॉस्पिटलांमध्ये २ लाखांहून जास्त बायका त्यात होत्या. बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेला ड्रेप, म्हणजे रक्त गोळा करणारी प्लास्टिकची चादर, लावून रक्त मोजलं आणि गर्भाशयाला मसाज, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी हे एकामागून एक वाट न बघता एकदमच सुरू केलं. नेहमीच्या पद्धतीत निम्म्याच केसेस लक्षात येत होत्या, इथे ९३ टक्के आल्या, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं सगळी आधीपासून माहितीचीच होती गं, फरक पडला तो वेळेवर कळण्याने आणि सगळं एकत्र करण्याने.

दुसरं म्हणजे ड्रिल, अशा आणीबाणीचा सराव. वर्गात पुतळ्यावर करता ते ठीक आहे, पण खऱ्या लेबर रूममध्ये, ड्युटीवरच्या खऱ्या टीमबरोबर, डॉक्टरांसकट करायला हवं. आमच्या पहिल्या ड्रिलला एकजण ओरडली "ऑक्सिटोसिन आणा कुणीतरी", चौघी होत्या, चौघींना वाटलं दुसरी गेली. मग फ्रिजला कुलूप, किल्ली इन्चार्जच्या कपाटात. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? तेव्हापासून नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीने तेच परत म्हणायचं, आणि काम झालं की "दिलं" असं मोठ्याने सांगायचं.

आता तुझ्या गप्प बसण्याबद्दल. सिनिअरला "जास्त वाटतंय" म्हटलं की "होतंच" हेच उत्तर येणार, कारण वाटण्याला वाटण्याने उत्तर देता येतं. आकडे सांग: "बेड ३, डिलिव्हरीला ४० मिनिटं झाली, मोजून ६०० मिली गेलंय, पल्स ११८, गर्भाशय मऊ लागतंय, तुम्ही आत्ता येऊन बघा." ५०० च्या पुढे गेलं की तो रक्तस्रावच, त्यात मत विचारायचं काही उरत नाही. तरी नाही आल्या तर एका हाताने मसाज चालू ठेव आणि दुसरीला थेट डॉक्टरांकडे पाठव, रागावल्या तर रागावू देत. हे वाक्य घरी मोठ्याने दहा वेळा म्हण, खरंच म्हण, कारण ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाहीत.

आणि उद्या ड्युटीला गेलीस की आधी लेबर रूममधला वजनकाटा चालू आहे का बघ, कोरड्या पॅडचं आणि चादरीचं वजन लिहून भिंतीला चिकटव.