दुचाकी सल्ला : घाट, फेरीबोट आणि मनगट

प्रश्न : मी गुहागरहून चिपळूणला रोज कामाला जातो, जाऊन-येऊन साधारण ९० किमी. महिन्यातून एकदा बायकोला मागे घेऊन कुंभार्ली घाटातून कराडला, कधी धोपावेच्या फेरीबोटीने दापोलीकडे. माझं मन अप्रिलिया आरएस ४५७ वर बसलंय. भाऊ म्हणतो, कोकणात एवढी पॉवर कशाला, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स घे. उंची ५ फूट ५ इंच. काय करावं?

उत्तर : भावाचं ऐका, पण त्याच्या कारणासाठी नको. घाटात ४७ पीएस (अश्वशक्ती) जास्त होत नाहीत. बारामतीत बनणारं आरएसचं ते ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन उत्तमच आहे. अडचण बसण्याची आहे, आरएस ही पुढे झुकून चालवायची स्पोर्ट बाइक. पुढे झुकून बसलं की धडाचं वजन तळहातांवर येतं. ताशी ८०-९०च्या वर समोरचा वारा छाती उचलून धरतो आणि हात हलके होतात. तुमचा रोजचा रस्ता वळणांचा, वाड्यांचा, गतिरोधकांचा. तिथे ४०-५०च्या वेगात वारा काही मदत करत नाही. कुंभार्ली उतरताना ब्रेक लागला की मागच्या माणसाचं वजनही तुमच्या पाठीवरून मनगटात उतरतं. आरएसची हँडलं ट्रॅकच्या गाड्यांइतकी खाली नाहीत, हे खरं. पण मागची सीट लहान आणि उंच आहे, आणि तिथे बसणारीचं मत गाडी घ्यायच्या आधी विचारलेलं बरं.

पॉवर बाजूला ठेवून फक्त बैठक तोलायची तर सुझुकीच्याच दोन गाड्या शेजारी उभ्या करा : स्पोर्ट वळणाची जिक्सर एसएफ २५० आणि उंच, सरळ बसायची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. इंजिन एकच, २४९ सीसी, २६.५ पीएस, टाकीही दोन्हींची १२ लिटर. फरक उरतो तो असा (आधी जिक्सर, मग व्ही-स्ट्रॉम) : ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १६५ मिमी आणि २०५ मिमी, पुढचं चाक १७ इंची आणि १९ इंची, सीटची उंची ८०० मिमी आणि ८३५ मिमी. पावसाळ्यात साइडपट्टी खचून जांभ्याचा चिखल वर येतो, तिथे १९ इंची चाक खड्ड्यात कमी रुततं. फेरीच्या रॅम्पवर ओहोटीला उतार वाढतो. फेअरिंगचं, म्हणजे स्पोर्ट बाइकच्या प्लास्टिकच्या आवरणाचं, पोट घासतं ते तिथे.

पण त्याच रॅम्पवर ८३५ मिमीची सीट तुमच्या उंचीला नडू शकते. ओल्या लोखंडावर पायाची फक्त बोटं टेकत असतील तर गाडी कलली की संपलं. मागे माणूस बसल्यावर सस्पेन्शन दबतं आणि पाय थोडे जास्त टेकतात, तेव्हा एकटे आणि दोघं, दोन्ही प्रकारे बसून पाहा.

टेस्ट राइड हायवेवर घेऊ नका. वीस मिनिटं बाजारातून चालवा, बायकोला मागे बसवून. हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घ्या. अंगठा टाकीला चेपतो का ते बघा. उभ्या गाडीवर नेहमीच्या बैठकीत दोन्ही तळवे ग्रिपवरून दहा सेकंद उचला. पुढे कोसळलात, तर घाटात ते वजन हातच पेलणार आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्याला ४० टक्के, हेही हिशेबात धरा. पाय टेकत असतील तर व्ही-स्ट्रॉम, नसतील तर जिक्सर. ४५७ शिवाय चैनच पडणार नसेल तर आरएसआधी त्याच इंजिनाची, सरळ हँडलची टुओनो ४५७ चालवून पाहा.

प्रश्न : मालवणात घर समुद्राजवळ. नव्या स्पोर्ट बाइकची चेन पंधरा दिवसांत लाल होते आणि पुढच्या फोर्कवर तेलाचं कडं दिसतंय.

उत्तर : आधी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे शॉकअप. आतल्या चकचकीत नळीवर खारा थर सुकतो आणि तेल अडवणाऱ्या रबरी सीलला कानशीसारखा घासतो. नळीवरून नख फिरवा. खड्डा लागला तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, तेल पुन्हा गळणार. नळीचं काम आधी. तेल ब्रेक पॅडवर उतरलं असेल तर गाडी चालवू नका, पॅड बदला.

चेन भिजली की साध्या पाइपने गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर गन बेअरिंगवर मारू नका. चिकटा रॉकेलच्या फडक्याने काढा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, आतले रबरी ओ-रिंग जातात. फडक्याने कोरडी करून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ल्यूब (चेनचं वंगण) मारा. वीस मिनिटांनी जादा पुसा. उन्हाळ्यात ५०० किमीला, पावसात ३०० किमीला किंवा प्रत्येक भिजण्यानंतर. चेनची ढील, चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे ठेवा. दिसायला छान म्हणून ताणलेली चेन दोघं बसले की आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

आणि गाडीला प्लास्टिकचं कव्हर घालत असाल, तर ते ओल्या गाडीवर घालू नका. आत वाफ कोंडते. फेअरिंगच्या आड मीठ दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात दोनदा तरी पॅनल काढून रेडिएटर धुवा.

प्रश्न : स्पोर्ट बाइकला उंच हँडल लावून टूरिंग करता येईल का?

उत्तर : क्लच केबल, ब्रेकचा होज (तेलाची नळी) आणि वायरिंग तेवढ्या लांबीचं नसतं; हँडल पूर्ण वळवलं की होज ताणतो, नाहीतर लिव्हर फेअरिंगला अडकतो. त्यापेक्षा आधीच कंपनीची सरळ हँडलची गाडी निवडणं बरं.