पासवर्ड बदलून देण्याची नोकरी?

प्रश्न: मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सायबर सुरक्षेत जायचंय. एका संस्थेत ‘ॲक्सेस मॅनेजमेंट’ विभागात, म्हणजे कुणाला कशाची परवानगी हे सांभाळणाऱ्या विभागात, नोकरी मिळते आहे. मित्र म्हणतात, तिथे दिवसभर लोकांचे पासवर्ड बदलून द्यायचे, खरी सुरक्षा म्हणजे हॅकिंग. नोकरी घेऊ, की वर्षभर थांबून पेनिट्रेशन टेस्टिंगचा (परवानगी घेऊन हल्ला करून कच्चे दुवे शोधण्याचा) कोर्स करू?

उत्तर: नोकरी घे.

तुझे मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीत. पहिले काही महिने तू पासवर्ड रीसेट करशील, लॉक झालेली खाती उघडशील, ‘व्हीपीएन लागत नाही’ची तिकिटं, म्हणजे तक्रारी, बंद करशील (व्हीपीएन म्हणजे बाहेरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट). कंटाळा येईल. पण तिकीट बंद करणं वेगळं आणि ते का आलं हे शोधणं वेगळं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी नेटवर्क विभागात होतो. एकदा एकाला लिनक्स मशिनवरून डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामायिक खात्यांच्या व्यवस्थेत, लॉगिन होईना. मी पासवर्ड बदलून दिला. पुन्हा तेच. पुन्हा बदलला. शेवटी शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं न बोलता त्या मशिनच्या घड्याळावर बोट ठेवलं. ते सात मिनिटं मागे होतं. तिथे ओळख पटवायचं काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही, ठरावीक वेळेपुरती चालणारी डिजिटल तिकिटं (तक्रारींची नव्हे, प्रवेशपत्रांसारखी) दिली-घेतली जातात. पकडलेला जुना संदेश कुणी पुन्हा वापरू नये म्हणून वेळ तपासली जाते, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला की सहसा नकार मिळतो. लॉगमध्ये, म्हणजे मशिनच्या घडामोडींच्या नोंदीत, ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’ (घड्याळांत फार फरक) असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी लॉग उघडलाच नव्हता! त्या दिवसापासून आधी लॉग, मग पासवर्ड.

या कामाचा खरा कस मात्र परवानगी देण्यात नाही, काढून घेण्यात आहे. नवा माणूस आला की त्याला खातं मिळतंच, नाही मिळालं तर तो स्वतः ओरडतो. माणूस हिशेब विभागातून खरेदी विभागात गेला, तर नव्या परवानग्या मागून घेतो, जुन्या परत करायला मात्र कुणी येत नाही. दहा वर्षं टिकलेल्या माणसाकडे अर्ध्या संस्थेच्या किल्ल्या जमलेल्या असतात. सोडून गेलेल्याचं खातं तर कुणाच्या डोळ्यांसमोरही येत नाही.

अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत 2021 साली नेमकं हेच झालं. हल्लेखोर वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून आत शिरले. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी कोणतीही तपासणी नव्हती. कंपनीला वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर, खंडणी द्यावी लागली. त्यातला मोठा भाग पुढे तपास यंत्रणांनी परत मिळवला, ते वेगळं. वर्षाकाठी एकदा खात्यांची यादी घेऊन कुणी बसलं असतं तर? हे बसणं तुझ्या नोकरीचा भाग असणार आहे.

आता तंत्राकडे. लॅपटॉपची केबल भिंतीतल्या पोर्टला लावली की काय घडतं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. जिथे 802.1एक्स (पोर्टवरच ओळख तपासण्याचं मानक) लावलेलं असतं तिथे केबल जिथे जाते तो स्विच आधी ओळखीच्या संवादाशिवाय काहीच पुढे जाऊ देत नाही. तो संवाद रेडियस सर्व्हरकडे (ओळख तपासून होकार-नकार देणाऱ्या सर्व्हरकडे) पोचवतो, सर्व्हर डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या यादीत, किंवा प्रमाणपत्रावरून खात्री करतो, आणि होकारासोबत कोणत्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकायचं तेही कळवू शकतो. पाहुण्याचा लॅपटॉप इंटरनेटपुरता, कर्मचाऱ्याचा आतल्या जाळ्यात. घरच्या संगणकावर दोन-तीन व्हर्च्युअल मशिन्स उभ्या कर, फ्रीरेडियस (रेडियस सर्व्हर) आणि ओपनएलडॅप (डिरेक्टरी) बसव, वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून रेडियसच्या यूडीपी 1812 या पोर्टवरची पाकिटं बघ. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मुद्दाम चुकीचा पासवर्ड दे आणि नकार कसा दिसतो ते पाहा. हे सगळं स्वतःच्याच मशिन्सवर, दुसऱ्याच्या नेटवर्कला परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

परीक्षा देऊन मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचा संग्रह करू नकोस. नेटवर्किंग कच्चं असेल तर सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा), नाहीतर सिक्युरिटी प्लस (सुरक्षेची पायाभूत परीक्षा). एक बास. नोकरीत मायक्रोसॉफ्टची क्लाउड ओळखव्यवस्था असेल तर पुढे एससी-300 ही त्यांची परीक्षा बघ. सॅमल, ओऑथ (एका ठिकाणची ओळख दुसरीकडे चालवण्याच्या पद्धती) हे शब्द कामातून येतीलच.

एका गोष्टीबद्दल कोर्सवाले बोलत नाहीत. कधीतरी वरिष्ठ साहेब फोन करून म्हणतील, ‘मोबाइलवर कोड येण्याची कटकट माझ्यापुरती काढून टाक.’ त्यांच्या खात्याला सर्वांत जास्त अधिकार, म्हणून तिथेच ती कटकट सर्वांत जास्त हवी. नम्रपणे नाही म्हणायचं, लेखी विनंती मागायची, आणि अशा वेळी तुझ्या पाठीशी उभा राहणारा मॅनेजर आहे का हे आधीच चाचपायचं. मला विचारशील तर यातच माणसं जास्त टेकीला येतात, रेडियसमध्ये नव्हे.

राहिलं हॅकिंग. पेनिट्रेशन टेस्टर एकदा आत शिरला की शोधतो काय? विसरलेली खाती, गरजेपेक्षा जास्त अधिकार, सर्वांना ठाऊक असलेला सर्व्हिस अकाउंटचा (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याचा) पासवर्ड. दोन वर्षं हीच घाण उपसलेल्या माणसाला ती कुठे साचते ते कळतं. त्यानंतर कोर्स कर, तुला कुणी अडवलेलं नाही.

मुलाखतीत शेवटी ‘काही विचारायचंय?’ असं म्हणतील, तेव्हा विचार: माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं किती वेळात बंद होतं, आणि कोण करतं? लगेच आकडा सांगितला तर शिकायला चांगली माणसं मिळतील. एकमेकांकडे बघायला लागले, तर पहिल्या वर्षाचं काम समोरच आहे.