नगररचनेत जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांना

सप्रेम नमस्कार.

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॅम्पसमधून एका बांधकाम कंपनीची साइट इंजिनिअरची नोकरी हातात आहे, आणि तिला मात्र नगररचनाकार होऊन 'शहर घडवायचंय'. तिचे मामा बांधकाम व्यवसायात आहेत. त्यांचं म्हणणं, त्या खात्यात एकतर खा, नाहीतर कोपऱ्यात बसा. तुम्ही स्वतः निवृत्त शिक्षक. काम नेमकं काय असतं, एम. प्लॅन. (नियोजनातली पदव्युत्तर पदवी) करावं की थेट स्पर्धा परीक्षा द्यावी, आणि सरळ मुलीचा तिथे निभाव लागेल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे. त्याचं उत्तर तिला रुचलं तर बाकीचे दोन फारसे अवघड नाहीत.

'शहर घडवणं' कॉलेजच्या सेमिनारमध्ये छान वाटतं. नोकरीची पहिली काही वर्षं तरी ती दुसऱ्याने मांडलेले प्रस्ताव वाचणार आहे. कोणी शेतजमिनीवर प्लॉट पाडायला निघालेलं असतं, कोणाला जुन्या घराच्या जागी चार मजले चढवायचे असतात, कोणाला राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना काढायचा असतो. असे अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली येतात आणि कलम ४५ खाली त्यांच्यावर निर्णय होतो: मंजूर, अटींसह मंजूर किंवा नामंजूर. महापालिकेत अधिकार आयुक्तांचे, नगरपरिषदेत सही मुख्याधिकाऱ्यांची, प्रादेशिक योजनेच्या भागात जिल्हाधिकाऱ्यांची. पण सहीआधी बहुतेक वेळा नगररचनेचा अभिप्राय लागतो, आणि तो लिहिण्याचं काम तुमच्या मुलीकडे असेल.

एक नेहमीच्या धर्तीची फाईल घेऊ. गावाच्या कडेची ८० आर जमीन (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), निवासी ले-आऊटचा, म्हणजे रस्ते आखून प्लॉट पाडण्याचा प्रस्ताव. सातबारा ८० आर म्हणतो, भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशात ७८ भरतात. मग हिशेब ७८ वर, कारण कागदांत तफावत असली की कमी क्षेत्र धरायचं. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर ले-आऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे इथे सुमारे ७८० चौरस मीटर. अर्जदाराच्या आर्किटेक्टने ती दाखवलेली आहे, बेरीजही चोख आहे, फक्त ती नाल्याच्या काठाने लांबट पट्टीत दाखवली आहे, जिथे एरवी प्लॉट पडलाच नसता. खुल्या जागेची रुंदी किती असावी यालाही नियम आहे, तो लावून बघायचा. विकास योजनेतला, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्यातला, रस्ता जमिनीच्या कोपऱ्यातून जातो, तो पूर्ण रुंदीने दाखवलाय का? पोचरस्ता कागदावर आहे, की 'आम्ही वर्षानुवर्षं इथूनच जातो' एवढ्याच भरवशावर? मग जागेवर जायचं. तिथे नाल्याचं पात्र नकाशापेक्षा रुंद दिसतं आणि अर्ध्या पात्रात ताजा भराव टाकलेला असतो.

सांगलीच्या माणसाला पूररेषा समजावून सांगायची गरज नाही, तरी मुलीसाठी लिहितो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळी ते लाल यांच्यामध्ये अटी घालून परवानगी. ऑगस्ट २०१९ चं पाणी तिने शाळकरी वयात पाहिलं असणार. आपल्याकडे कित्येक वसाहती कुठलाही ले-आऊट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या आणि त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. आधी घरं झाली, मग रस्त्याला आणि गटारीला जागा शोधत बसावं लागलं. फाईल वाचताना हे डोळ्यांसमोर असेल तर मोजमाप कंटाळवाणं वाटत नाही.

वाचून झालं की लिहायचं असतं, आणि माझ्या मते या नोकरीचं खरं कसब तिथे आहे. परवानगी नाकारताना कारणं द्यावी लागतात. 'नियमात बसत नाही' एवढा शेरा मारून भागत नाही. कोणत्या नियमात, कोणत्या मोजमापामुळे, आणि काय दुरुस्त केलं तर बसेल, हे लिहावं लागतं. नाकारलेला माणूस कलम ४७ खाली शासनाकडे अपील करू शकतो, तिथून पुढे उच्च न्यायालय आहेच. तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. फेरतपासणीला गेलेल्या उत्तरपत्रिकेवरही आपले गुण टिकावेत असं तपासायचं, तसंच हे आहे.

यात वेळेचं बंधन आहे. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असं कायदा मानतो, अर्थात प्रस्ताव योजनेशी आणि नियमांशी जुळत असेल तरच. त्यामुळे ही फाईल नको, थोडी राहू दे, असं म्हणून कपाटात ठेवणं हाही एक निर्णय ठरतो, आणि अनेकदा सगळ्यांत वाईट. ज्याला नाही म्हणायचं धाडस होत नाही तो हो म्हणत नाही, नुसती फाईल दाबतो. लोकांना नगररचनेचा राग येतो तो बहुधा याचा. आणखी एक राग चुकीच्या पत्त्यावर जातो. 'साहेब, एवढी जमीन येलो करून द्या,' म्हणून माणसं टेबलाशी येतात, कारण नकाशात निवासी भाग पिवळा असतो. शेती विभागातली जमीन निवासी करणं म्हणजे योजनेतच फेरबदल. त्याला कायद्यात वेगळी प्रक्रिया आहे, हरकती-सूचना आहेत, शेवटचा शब्द शासनाचा आहे. परवानगीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला ते करता येत नाही, आणि हे समोरच्याला रोज न चिडता समजावून सांगावं लागतं.

हे सगळं आता संगणक करतो, मग माणूस कशाला, असं मामा म्हणतील. ऑनलाइन बांधकाम परवानगीची प्रणाली आली आहे. आराखडा चढवला की चटई क्षेत्र, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची जागा), पार्किंग यांची तपासणी बरीचशी आपोआप होते. २ डिसेंबर २०२० ला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाल्यापासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर एकच नियम लागतात, त्यामुळे हे सोपंही झालं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या कमी जोखमीच्या बांधकामाला तर रीतसर कागद आणि शुल्क देऊन सूचना दिली की पुरतं. पण नाल्यातला भराव संगणकाला दिसत नाही, आणि पोचरस्त्यावर शेजाऱ्याने दिवाणी दावा लावलाय हेही आराखड्याच्या फाईलमध्ये नसतं. किरकोळ तपासणी कमी होईल, अडचणीच्या फाईली उरतील. मला हे तिच्या दृष्टीने चांगलं वाटतं.

खात्याच्या पूर्ण नावात 'मूल्यनिर्धारण' आहे, हेही तिला आधीच सांगा. जमिनीचं मूल्यांकन, रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी) दर ठरवण्याचं तांत्रिक काम, भूसंपादनातले दर, यांवरही नेमणूक होते. शहर घडवायला निघालेल्या मुलीला दोन वर्षं दरांचे तक्ते करावे लागतील, तेव्हा ती घरी फोन करून रडू नये. उलट, नशिबाने विकास योजना तयार करणाऱ्या घटकात गेली तर गल्लीबोळ फिरून विद्यमान जमीन वापराचा नकाशा करणं, शाळा-बागांसारख्या सोयींसाठी जागांची आरक्षणं ठरवणं, हरकतींची सुनावणी, असं तिच्या स्वप्नाच्या जवळचं कामही मिळेल. पण तिथे आधी परवानग्यांचं टेबल सांभाळलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. आपण कागदावर ओढलेली रेघ पुढे कोणाच्या घराच्या भिंतीवर येते, हे त्याने बघितलेलं असतं.

आता मामांचा मुद्दा. पैसा फिरतो, हे नाकारून मी तुमची फसवणूक करणार नाही. एका झोनच्या शेऱ्यावर जमिनीचा भाव कित्येक पट बदलत असेल, तर त्या शेऱ्याभोवती माणसं घुटमळणारच. पण 'खा नाहीतर कोपऱ्यात बसा' हे अर्धंच चित्र आहे. सरळ माणूस इथे टिकतो तो कागदावर टिकतो. अर्ज आलेल्या क्रमाने हाताळायचे, प्रस्तावातल्या त्रुटी एकदाच आणि सगळ्या मिळून कळवायच्या, स्थळपाहणीचे तारखेसह फोटो फाईलला लावायचे, तोंडी आदेश आला तर टिपणीत त्याचा उल्लेख करून लेखी मागायचा. त्रुटी हप्त्याहप्त्याने काढणारा अधिकारी प्रामाणिक असला तरी लोक त्याच्याबद्दल नको तेच बोलतात, हेही लक्षात ठेवावं. शिवाय खाणाऱ्याचा धोकाही वाढला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात अनधिकृत बांधकामांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. चुकीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) देणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई व्हावी, हे त्यांतच आहे.

दबाव सगळा पैशाचा नसतो. नगरसेवक, पत्रकार, कधी आपल्याच वर्गातला जुना मित्र. बदल्याही होतात. सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो आणि सांगलीनंतर गडचिरोलीही येऊ शकतं. मुलीपेक्षा तुम्हीच याची तयारी ठेवा.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो, कारण माहिती सहज मिळते. एमपीएससीतर्फे सहायक नगर रचनाकार (गट ब) आणि नगर रचनाकार (गट अ) ही पदं भरली जातात. गट ब साठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी चालते, एम. प्लॅन. लागतंच असं नाही. त्याखाली खात्याची रचना सहायकाची भरती असते, तिला पदविकाधारकही बसतात. २०२४ च्या भरतीत रचना सहायकाची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये अशी होती. अर्हतेचे बारकावे प्रत्येक जाहिरातीत वाचायचे, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकायचे नाहीत. मोठी अडचण अशी की या जाहिराती दरवर्षी निघतातच असं नाही. नुसती अभ्यासिकेत बसून तीन-चार वर्षं वाट पाहणारी मुलं मी पाहतो, आणि त्यांना सगळे नियम पाठ असून एकही खरा ले-आऊट वाचता येत नाही.

एम. प्लॅन. किंवा एम. टेक. नियोजन करायचं तर पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) या संस्था आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गेट या प्रवेश परीक्षेचे गुण कामी येतात. माझं मत विचाराल तर लगेच करू नये. ज्याला पुढे सल्लागार संस्थांत, जीआयएसमध्ये (संगणकीय नकाशांच्या कामात) किंवा अध्यापनात जायचंय त्याला ही पदवी हवीच. तिला अर्जांच्या टेबलावर बसायचं असेल तर आधी दोन वर्षं पलीकडच्या बाजूला काढावीत, म्हणजे महापालिकेत प्रस्ताव दाखल करणाऱ्या आर्किटेक्टच्या किंवा अभियंत्याच्या ऑफिसात. त्रुटीचं पत्र हातात पडल्यावर काय वाटतं, आणि आराखड्यात लबाडी कुठे लपवतात, दोन्ही तिथेच कळतं. अभ्यास संध्याकाळी करावा, आणि एम. प्लॅन. चा विचार त्यानंतर.

तेव्हा कॅम्पसच्या नोकरीला नकार कळवण्याआधी तिने एवढं करावं. घराजवळच्या, माहितीतल्या एखाद्या भूखंडाचा सातबारा काढावा, विकास योजनेच्या नकाशात तो कुठे पडतो ते शोधावं, नियमावली उघडून तिथे काय बांधता येईल हे एका पानात मराठीत लिहावं, कलमांच्या आधारासह. मामांच्या ऑफिसात त्रुटीची जुनी पत्रं असतील, ती मागून घ्यावीत आणि कोणती त्रुटी योग्य होती, कोणती उगाच काढलेली, हे ठरवायचा प्रयत्न करावा. यात रविवार कधी गेला ते कळलं नाही, तर आर्किटेक्टचं ऑफिस शोधायला लागा, पगार कंपनीपेक्षा कमी असला तरी. अर्ध्या तासात जांभया आल्या तर साइटची नोकरी तिच्यासाठी चांगली आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मामांशी मात्र तुम्हीच बोला, आणि ती परीक्षा पास व्हायच्या आधी बोला. ती ज्या कार्यालयात असेल तिथे त्यांचा प्रस्ताव आला तर ती नात्याची लेखी कल्पना वरिष्ठांना देईल आणि फाईल दुसऱ्याकडे जाईल, हे त्यांना आत्ताच मान्य असलं पाहिजे. घरच्या कार्यात, जेवणाच्या पंगतीत फाईल कुठवर आली हे विचारायचं नाही, हेही त्यात आलं. नकार द्यायची पहिली वेळ बहुधा घरच्याच माणसावर येते, आणि तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने बोलता यावर तिचं बरंच काही अवलंबून राहील.