एचपी म्हणजे नेमकं काय, गॅस की लॅपटॉप?

प्रश्न: ताई, गणपतीत गावी जाताना नवीन लॅपटॉप घेऊन गेलो होतो. झाकणावरचं एचपी बघून आजोबा म्हणाले, "लॅपटॉप आता गॅसवाल्याकडे गावतत काय रे?" सगळे हसले, पण खरं सांगायचं तर मलाही उत्तर येत नव्हतं. सिलिंडरवर एचपी, विहिरीवरच्या पंपावर एचपी, काकांच्या होडीच्या इंजिनला एचपी, त्यात बाबा म्हणतात बाईकची एचपी अजून उतरवायची राहिलीय. ही सगळी एकाच कंपनीची भानगड आहे का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: आधी आजोबांना माझा नमस्कार सांग, शंका अगदी रास्त आहे. गॅसवालं एचपी म्हणजे हिंदुस्थान पेट्रोलियम, १९७४ साली उभी राहिलेली आपली सरकारी कंपनी. लॅपटॉपवालं अमेरिकेतलं, ह्यूलेट आणि पॅकार्ड ही दोन मित्रांची आडनावं, १९३९ ला पालो आल्टोच्या एका गॅरेजात धंदा सुरू केला आणि कुणाचं नाव आधी हे म्हणे नाणं उडवून ठरवलं. नाणं उलटं पडलं असतं तर झाकणावर पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा मोजतात ते, आलं असतं आणि आजोबांनी तुला बागेतली माती तपासायला लावली असती!

पंप आणि होडीचं एचपी ही मात्र कंपनीच नाही, ते हॉर्सपॉवर, आपली अश्वशक्ती. जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं की हे किती घोड्यांचं काम करेल, मग त्याने चक्कीला जुंपलेल्या घोड्यांवरून हिशोब बांधला, मिनिटाला ३३,००० फूट-पाऊंड म्हणजे एक घोडा (एक पाऊंड वजन एक फूट वर उचललं की एक फूट-पाऊंड). आपल्याकडे बसला असता तर रहाटाचे बैल मोजले असते आणि आज आपण पाच बैलांची मोटर म्हटलो असतो. एक एचपी म्हणजे साधारण ७४६ वॅट. विहिरीवर गेलास की मोटरवरची पत्र्याची पट्टी जरा पुसून बघ, ५ एचपीच्या शेजारी ३.७ किलोवॅट लिहिलेलं सापडेल. एक किलोवॅट तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे तासभर पंप चालला की पावणेचार युनिट तरी गेलीच, खरं तर थोडी जास्तच कारण मोटर तापण्यात वीज वाया जाते. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिलही ह्या एचपीवरच लावतात, म्हणून ती पट्टी रंग मारून बुजवू नका.

राहिली बाबांची एचपी. ती हायपोथिकेशन, कर्ज काढून गाडी घेतली की आरसी बुकवर बँकेच्या तारणाची नोंद होते ती. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ती आपोआप उतरते असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग गाडी विकायच्या दिवशी धावपळ! बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत अर्ज करायचा, आणि इन्शुरन्सवरचंही बँकेचं नाव काढून घ्यायचं, ते हमखास विसरतात.

आणि हो, हायवेला सफरचंदाचा ट्रक दिसला आणि नंबर एचपीने सुरू झाला तर तो हिमाचल प्रदेशचा, आजोबांनी विचारायच्या आधीच सांगून टाक.